कर्बल स्पेस प्रोग्रॅम: नियोजनाच्या मॉड्सचा टॉलरन्स किती?

कर्बल स्पेस प्रोग्रॅम हा अंतराळ उड्डाणाचा खेळ मी गेली चार वर्षे खेळतो आहे, आणि त्यातली बहुतेक उड्डाणे त्याच्या भोवती जमा झालेल्या मॉड्सच्या, म्हणजे खेळाडूंनी बनवलेल्या जोडण्यांच्या आधाराने केली आहेत. हे परीक्षण मुख्यतः त्या मॉड्सचे, आणि त्यांतही मोहिमेचे नियोजन करून देणाऱ्या साधनांचे आहे. मेक्सिको सिटीतील स्क्वॉड या कंपनीने खेळाची पहिली सार्वजनिक आवृत्ती जून 2011 मध्ये दिली, 1.0 ही आवृत्ती एप्रिल 2015 मध्ये आली, आणि 2021 च्या 1.12 नंतर मोठी भर पडणे थांबले. दुसरा भाग फेब्रुवारी 2023 मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अपुऱ्या अवस्थेतच विक्रीला आला आणि तेथेच अडकून राहिला. त्यामुळे नव्याने सुरुवात करणाऱ्याने आजही पहिलाच भाग घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मी 1.12.5 वापरतो.

मी भोसरीतील एका कारखान्यात जिग आणि फिक्स्चरची ड्रॉइंग्ज करतो. नवीन मुलगा ड्रॉइंगवर एखादे माप नुसतेच लिहून आणतो, तेव्हा आमच्याकडे त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘अधिक-उणे किती?’ हा. टॉलरन्स, म्हणजे किती फरक चालेल ती मर्यादा, न लिहिलेले माप मशीनवरच्या माणसाच्या काही कामाचे नसते. नियोजनाच्या मॉड्सना मी हाच प्रश्न विचारत आलो आहे. स्क्रीनवर दोन दशांश स्थळांपर्यंत वेग दाखवणारे साधन तो आकडा कोणत्या गृहीतकावर काढते, आणि ते गृहीतक आपल्याला सांगते की पोटात ठेवते, यावर माझे गुण अवलंबून आहेत.

हा प्रश्न विचारायची बुद्धी मला ड्यूनाच्या पहिल्या मोहिमेनंतर झाली. ड्यूना म्हणजे या खेळातला मंगळ, आणि कर्बिन म्हणजे पृथ्वी. मात्र कर्बिनची त्रिज्या अवघी 600 किलोमीटर आहे. माझे यान 30 टनांचे होते आणि त्याला एकच नर्व्ह हे अणुइंजिन होते. त्याचा विशिष्ट आवेग निर्वातात 800 सेकंद, म्हणजे इंधनाच्या बाबतीत अतिशय काटकसरी. रेटा मात्र केवळ 60 किलोन्यूटन. कर्बिनभोवतीच्या 80 किलोमीटर उंचीच्या कक्षेतून निघण्यासाठी नियोजकाने मला सुमारे 1,060 मीटर प्रति सेकंदाचा वेगबदल सांगितला, मी नकाशावर त्याचा नोड, म्हणजे कोठे आणि किती वेगबदल करायचा याची खूण, ठेवला, नोडने ड्यूनाशी गाठ पडत असल्याचे दाखवले, आणि मी निश्चिंतपणे चहा ठेवायला उठलो. चहा पिऊन झाला तेव्हा यान ड्यूनाच्या कक्षेच्या दिशेने निघाले होते खरे, पण ते तेथे पोहोचेल तेव्हा ड्यूना तेथे असणार नव्हता.

चूक आकडेमोडीत नव्हती. खेळातला नोड असे धरून चालतो की सगळा वेगबदल एका क्षणात मिळणार आहे. माझ्या यानाला तो मिळवायला सव्वाआठ मिनिटे लागत होती, आणि 80 किलोमीटरवरची कक्षा 31 मिनिटांत पूर्ण होते. म्हणजे इंजिन चालू असताना यानाने कर्बिनभोवती पाव फेरी मारली, आणि तेवढा वेळ ते एकाच दिशेला नाक करून राहिले. सुरुवातीचा आणि शेवटचा बराचसा रेटा वेगाच्या दिशेला लागलाच नाही. पृथ्वीभोवतीची खालची कक्षा दीड तासाची असते, त्यामुळे तेथे आठ मिनिटांचे ज्वलन इतके अंगाशी आले नसते. कर्बिन लहान असल्यामुळे हा दोष येथे ठळक होतो. खेळ मला ज्वलनाचा काळ दाखवत होता, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. ते माप माझ्यासमोर होते, त्याचा अर्थ मी लावला नाही.

यावरचा उपाय मला खेळाच्या बाहेर, आपल्याच मंगळयानात सापडला. नोव्हेंबर 2013 मध्ये पीएसएलव्हीने नेलेल्या 1,337 किलोच्या त्या यानाचे मुख्य इंजिन फक्त 440 न्यूटनचे होते. एवढ्याशा रेट्याने एका दमात पृथ्वी सोडणे शक्य नव्हते. म्हणून यान दर वेळी उपभू बिंदूपाशी, म्हणजे कक्षेत पृथ्वीच्या सर्वांत जवळ आले की थोडा वेळ इंजिन चालवायचे, अपभू, म्हणजे सर्वांत दूरचा बिंदू, वर ढकलायचा, आणि पुढच्या फेरीची वाट पाहायची, असा क्रम ठेवण्यात आला. 11 नोव्हेंबरच्या चौथ्या टप्प्यात 130 मीटर प्रति सेकंद अपेक्षित असताना 35 च मिळाले. दुसऱ्याच दिवशी एक पूरक ज्वलन करून ती तूट भरून काढण्यात आली. अखेरीस 1 डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर सुमारे 22 मिनिटांच्या ज्वलनाने 648 मीटर प्रति सेकंद मिळवून यान मंगळाकडे निघाले. टप्प्याटप्प्याने जाण्याचा हाही एक लाभ आहे की एखादा टप्पा कमी पडला तरी मोहीम हातची जात नाही.

मी तेच केले. पहिले 800 मीटर प्रति सेकंद तीन फेऱ्यांत वाटून घेतले, आणि उरलेले 260 शेवटच्या फेरीत दिले. ते ज्वलन जेमतेम दोन मिनिटांचे झाले आणि नोडचे म्हणणे खरे ठरले. (कर्बिन ते ड्यूना हा किमान खर्चाचा प्रवास सुमारे 302 कर्बिन-दिवसांचा आहे आणि मंगळयानाला 297 दिवस लागले. कर्बिनचा दिवस सहाच तासांचा असतो, त्यामुळे हा निव्वळ योगायोग आहे, पण वहीत दोन्ही आकडे शेजारी लिहिताना बरे वाटले.)

आता साधनांविषयी. कर्बल इंजिनिअर रीडक्स हे मॉड यान बांधतानाच प्रत्येक टप्प्याचा डेल्टा-व्ही (म्हणजे तो देऊ शकेल तो एकूण वेगबदल) आणि वजनाच्या तुलनेत रेटा दाखवते. 2018 च्या अखेरीस आलेल्या 1.6 आवृत्तीपासून मूळ खेळही डेल्टा-व्ही दाखवू लागला, त्यामुळे हे मॉड आता अनावश्यक आहे असे काही जण म्हणतात. मला ते मान्य नाही. आकडा समुद्रसपाटीचा आहे की निर्वातातला, आणि कोणत्या ग्रहावरचा, हे ते ठळकपणे समोर ठेवते, आणि हा फरक लहान नाही: स्विव्हल इंजिनाचा विशिष्ट आवेग समुद्रसपाटीला 250 तर निर्वातात 320 सेकंद असतो, आणि नर्व्हचा तर 185 आणि 800. दुसरे म्हणजे, एखादा बदल करून पाहण्याचे धाडस या मॉडमुळे येते. दुसरे नर्व्ह जोडावे का, हा प्रश्न मला पडला तेव्हा त्याने क्षणात दाखवले की ज्वलन साडेचार मिनिटांवर येते, पण तीन टन वजन वाढल्यामुळे यानाचा एकूण डेल्टा-व्ही सुमारे 600 मीटर प्रति सेकंदाने घटतो. 600 म्हणजे किती, तर कर्बिनच्या कक्षेतून त्याच्या मोठ्या चंद्राकडे जायला 860 लागतात. त्या चंद्राचे नाव देवनागरीत लिहिले की ‘मन’ असे होते, आणि मनापर्यंत जाण्याचा खर्च इतका नेमका सांगता यावा, याची मला अजूनही गंमत वाटते.

ट्रान्सफर विंडो प्लॅनर हे माझे सर्वांत आवडते साधन आहे. आडव्या अक्षावर निघण्याची तारीख, उभ्या अक्षावर प्रवासाचा काळ, आणि रंगाने लागणारा डेल्टा-व्ही असा आलेख ते काढते. निळा भाग स्वस्त, लाल भाग महाग. या आकृतीला इंग्रजीत पोर्कचॉप म्हणतात. मला तिच्यात कैरीची उभी फोड दिसते. ड्यूनाकडे जाण्याची संधी सुमारे 909 कर्बिन-दिवसांनी, म्हणजे तेथील दोन वर्षांहून थोड्या अधिक काळाने येते, आणि त्या वेळी ड्यूना कर्बिनच्या सुमारे 44 अंश पुढे असावा लागतो. हे दोन आकडे पाठ असले की मॉडशिवायही चालते. पण संधी हुकली तर किती महागात पडेल, दहा दिवस उशीर आणि चाळीस दिवस उशीर यांत काय फरक आहे, हे आलेखाशिवाय कळत नाही. माझ्या भाषेत सांगायचे तर तारखेचा टॉलरन्स हे साधन चित्रातच काढून दाखवते. ज्वलन किती लांबेल याविषयी मात्र ते अवाक्षर काढत नाही. प्रत्येक वेगबदल क्षणिकच धरते. माझा घात तेथेच झाला होता. 1.12 मध्ये मूळ खेळातच गजराचे घड्याळ आणि नोड तयार करून देणारे साधन आले आहे. घड्याळ उत्तम आहे. नोडचे साधन कामापुरते आहे.

मेकजेबविषयी जपून लिहिले पाहिजे, कारण माझा अकरावीतला भाचा याच मॉडच्या जोरावर माझ्या आधी ड्यूनावर उतरला. ‘‘मामा, बटण दाबलं की ते आपोआप जातं. तू वहीत काय लिहीत बसतोस?’’ हा त्याचा प्रश्न बिनतोड आहे. मेकजेब यान कक्षेत नेते, नोड आखते, तो पार पाडते, दोन यानांची गाठ घालून देते आणि उतरवतेही. ही फसवणूक आहे, असे मी मानत नाही. खरी यानेही संगणकच चालवतात. माझी तक्रार वेगळी आहे. काम बिघडले की ते का बिघडले, हे या मॉडच्या खिडक्यांतून नवख्या माणसाला उमगत नाही. पर्याय भरपूर आहेत, पण त्यांतला कोणता काय गृहीत धरतो हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच त्यांचा उपयोग होतो. म्हणून मी त्याचे नोड आखण्याचे आणि पार पाडण्याचे भाग वापरतो, कारण त्यांचा निकाल मला नकाशावर तपासता येतो. उतरवण्याचे काम मी त्याच्याकडे देत नाही.

प्रिन्सिपिया या मॉडविषयी खरे तर वेगळा लेख लागेल. मूळ खेळात यानावर एका वेळी एकाच ग्रहाचे गुरुत्व लागू होते. एका गोलाच्या प्रभावक्षेत्रातून दुसऱ्याच्या क्षेत्रात गेले की जुन्या गोलाची ओढ एकदम नाहीशी होते. प्रिन्सिपिया सगळ्या गोलांची ओढ सतत मोजते, त्यामुळे लग्रांज बिंदू, म्हणजे दोन गोलांच्या तुलनेत यान एका जागी राहू शकते अशा जागा, खरोखर अस्तित्वात येतात आणि चंद्राभोवतीची कक्षा महिन्याभरात हळूहळू सरकलेली दिसते. मूळ खेळातील जूल या मोठ्या ग्रहाचे चंद्र तर या नियमांखाली स्थिरच राहत नाहीत, म्हणून हे मॉड त्यांच्या कक्षा थोड्या बदलून देते. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे त्याच्या उड्डाण-आराखड्यात ज्वलन क्षणिक धरलेले नसते. इंजिनाचा रेटा घेऊन संपूर्ण ज्वलनाचा मार्ग काढला जातो. मी माझे जुने 30 टनी यान त्यात घालून पाहिले, आणि ड्यूना चुकणार हे त्याने इंजिन सुरू होण्यापूर्वीच दाखवले. असे असूनही मी ते रोज वापरत नाही. साध्या दीर्घवर्तुळाऐवजी गुंतलेल्या लोकरीसारखे मार्ग दिसू लागतात, कोणत्या संदर्भचौकटीतून पाहायचे हे दर वेळी ठरवावे लागते, आणि कामावरून चाकणच्या वाहतुकीतून घरी आल्यावर रात्री दहाला तेवढे डोके शिल्लक राहत नाही. आयुका किंवा खोडदच्या दुर्बिणीच्या खुल्या दिवसांना जाऊन प्रश्न विचारणाऱ्या वाचकांनी ते अवश्य घ्यावे. त्यांना ते सोडवणार नाही.

ही सगळी मॉड्स बसवण्यासाठी सीकॅन हा विनामूल्य व्यवस्थापक वापरावा. कोणते मॉड कोणत्या आवृत्तीशी जुळते आणि त्याला आणखी काय लागते, हे तो स्वतः पाहतो. एकच खबरदारी सांगतो, ती स्वानुभवाची आहे. एका गुरुवारी सकाळी, दुरुस्तीसाठी वीज जाण्यापूर्वी, मी घाईघाईने यादी आवरायला घेतली आणि सुट्या भागांचे एक मॉड ‘लागत नाही’ म्हणून काढून टाकले. त्यातली एक टाकी तेव्हा ड्यूनाच्या वाटेवर असलेल्या यानात होती. ज्या यानाचा भाग सापडत नाही ते यान खेळ काढूनच टाकतो, आणि तसेच झाले. मोहीम चालू असताना मॉड्सना हात लावू नये, आणि लावायचाच असेल तर सेव्हच्या फोल्डरची प्रत आधी बाजूला ठेवावी.

लॅपटॉप साधा असला तरी नियोजनाची साधने जड नाहीत. जड असतात ती नवे भाग आणि देखावे आणणारी मॉड्स. माझ्याकडे 8 जीबी रॅम असताना खेळ उघडायला सात-आठ मिनिटे लागत. तपकीर गल्लीतून आणखी 8 जीबी आणून घातल्यावर चाळीस मॉड्ससह तो त्रास उरला नाही. खेळ कोणत्याही भारतीय भाषेत नाही, याची खंत आहे.

खेळाला मी पाचपैकी साडेचार गुण देतो. सीकॅन, इंजिनिअर रीडक्स आणि विंडो प्लॅनर पहिल्या दिवसापासून घ्यावेत. मेकजेब मनावर एकदा स्वतःच्या हाताने उतरल्यानंतर. प्रिन्सिपिया सुट्टी लागल्यावर. माझ्या यानाला दुसरे नर्व्ह मी अजून जोडलेले नाही. पुढची विंडो 212 दिवसांवर आहे, गजर लावला आहे, आणि या वेळी चारऐवजी पाच टप्पे करून पाहायचे ठरवले आहे.