मी 'नको' म्हटलं, तरी ते ब्राउझरमध्ये शिरलं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर आहे. तिथल्या कॉम्प्युटरवर पीडीएफची साइज कमी करणाऱ्या एका फुकट प्रोग्रामने क्रोम ब्राउझरमध्ये स्वतःचं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडला जाणारा छोटा प्रोग्राम) परस्पर बसवलं आणि त्यापायी एका शेतकऱ्याचे पैसे गेले. असला एखादा प्रोग्राम निपाणीपासून लोंढ्यापर्यंत बहुतेक सेंटरांवर असतो, कारण सरकारी साइटवर कागद चढवताना फाइल ठरावीक केबीत बसवावीच लागते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

इन्स्टॉल करताना 'आमचा सर्च असिस्टंटही बसवा' या ओळीपुढे आधीच टिकमार्क केलेला होता. तो मी काढला, मगच पुढे गेले. प्रोग्राम बरेच दिवस नीट चालला. नंतर त्याचं एक अपडेट आलं आणि त्या अपडेटने काहीएक विचारलं नाही. नवीन टॅब उघडला की वेगळंच सर्चचं पान यायला लागलं. काही शोधलं की क्षणभर भलताच पत्ता चमकून जायचा, मग रिझल्ट दिसायचे आणि त्यात सगळ्यात वर जाहिराती. गिऱ्हाइकांची रांग असताना अशा गोष्टींकडे कोण निरखून बघतं?

जांबोटीच्या बाजूचे एक काका पीककर्जासाठी उतारा काढायला आले होते. पावसाळ्यात तिकडे लाइट आणि रेंज दोन्हींचा भरवसा नसतो, म्हणून माणसं बस धरून खानापुरात येतात. सेंटरवरच्या मुलाने नेहमीसारखं सर्चमध्ये 'भूमी आरटीसी' टाकलं. (भूमी ही कर्नाटकची जमिनीच्या नोंदींची सरकारी साइट, आरटीसी म्हणजे इकडचा उतारा.) पहिली आलेली साइट दिसायला अगदी सरकारी. वर कर्नाटक सरकारचं गंडभेरुंडाचं (दोन तोंडांच्या पक्ष्याचं) चिन्ह, कन्नडमध्ये मथळा, सर्व्हे नंबर भरायची चौकट. तिने मोबाइल नंबर मागितला, आधार नंबर मागितला, मग फी मागितली. खऱ्या फीपेक्षा ती बरीच जास्त होती. काकांनी आपल्याच फोनवरून यूपीआय केलं. पैसे कापले गेले आणि पान तिथेच फिरत राहिलं.

"पैसे गेले की गं बाई, मग कागद का येईना?" काका पुन्हा पुन्हा विचारत होते. मी त्यांचे पैसे दिले, खऱ्या साइटवरून उताराही काढून दिला. पण त्यांचा आधार नंबर ज्यांच्या हाती गेला, त्यांच्याकडून तो परत कसा घ्यायचा? सीमाभागातल्या आमच्या माणसांना फॉर्म कन्नडमध्ये, सॉफ्टवेअर इंग्रजीत. सेंटरवाल्यावर विश्वास टाकण्यावाचून त्यांच्याकडे दुसरा मार्ग नसतो. त्या विश्वासावरच कोणीतरी कमाई करत होतं, याची मला फार चीड आली.

संध्याकाळी एक्स्टेन्शनची यादी उघडली. ते तिथे होतं आणि त्याला परवानगी होती 'सर्व वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचणे आणि बदलणे' याची. म्हणजे बँकेचं पान, आधारचं पान, लोकांचे पासवर्ड, सगळंच. काढून टाकायचं बटणच चालेना. खाली लिहिलेलं, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने बसवलं आहे. सेंटर माझं, कॉम्प्युटर माझा, दुसरा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नाहीच.

बेळगावात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या दादांना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, तिथनं निघायचं नाही ते. त्याचं मूळ विंडोजमध्ये आहे." बँका आणि मोठी ऑफिसं आपल्या सगळ्या मशिनींवर एकच नियम लावू शकावीत म्हणून क्रोममध्ये 'पॉलिसी'ची सोय आहे. तो नियम विंडोजच्या रजिस्ट्रीत (विंडोज आपली सगळी सेटिंग्ज जिथे साठवतं तिथे) लिहिलेला असतो आणि त्यातून बसवलेलं एक्स्टेन्शन वापरणाऱ्याला काढता येत नाही. इन्स्टॉल करताना प्रोग्रामला आपण 'येस' म्हणून अ‍ॅडमिनचा अधिकार देतो. त्याच अधिकाराने या प्रोग्रामने रजिस्ट्रीत नोंद करून ठेवली होती. तुमच्याकडे असं झालंय का, हे बघायचं असेल तर क्रोमच्या मेनूत अगदी तळाशी पाहा. कॉम्प्युटर घरचा किंवा दुकानातला असूनही ब्राउझर 'तुमची संस्था' सांभाळते असं तिथे दिसलं, तर काहीतरी शिरलेलं असण्याचा दाट संशय घ्या. (काही अँटिव्हायरसही पॉलिसी लावतात, ते आधी तपासा.)

काढताना क्रम महत्त्वाचा. आधी कंट्रोल पॅनेलमधून मूळ प्रोग्राम काढला, मग टास्क शेड्यूलरमध्ये (ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणारी विंडोजची सोय) त्याने लावून ठेवलेलं काम, मग रजिस्ट्रीतली पॉलिसी, आणि शेवटी क्रोम रीसेट केला. टास्क शेड्यूलर विसरलात तर सगळं पुन्हा जागेवर येऊ शकतं. रजिस्ट्रीला जाणकाराशिवाय हात लावू नका, विंडोज बिघडेल.

त्या पीडीएफ प्रोग्रामच्या कंपनीला ईमेल केला. उत्तर आलं की अपडेट स्वीकारताना तुम्ही अटी मान्य केल्या आहेत, आणि सगळेच असं करतात. पहिली गोष्ट खोटी आहे. दुसरीत दुर्दैवाने थोडं तथ्य आहे. २००९ साली मायक्रोसॉफ्टच्या 'डॉट नेट' या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटने लोकांच्या फायरफॉक्स ब्राउझरमध्ये गुपचूप अ‍ॅड-ऑन (एक्स्टेन्शनसारखीच जोडणी) घातलं होतं आणि सुरुवातीला त्याचं अनइन्स्टॉलचं बटणही चालत नव्हतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने ते काही काळ ब्लॉक केलं. जानेवारी २०१७ मध्ये अ‍ॅडोबीच्या अ‍ॅक्रोबॅट अपडेटबरोबर क्रोमचं एक्स्टेन्शन आलं, तेव्हाही आरडाओरडा झाला. ब्राउझरवाल्यांनी दारं बंद करत आणली: फायरफॉक्सने २०११ मध्ये ८ व्या आवृत्तीपासून बाहेरून आलेली अ‍ॅड-ऑन आपण हो म्हणेपर्यंत बंद ठेवली, क्रोमने २०१३ मध्ये २५ व्या आवृत्तीत तेच केलं. पॉलिसीची वाट मात्र उघडी आहे, कारण ऑफिसांना ती लागते. मोठ्यांनी केलं म्हणून ते रीतसर होत नाही, हे मी कंपनीला लिहून कळवलं. पुढे उत्तर नाही.

आपला कायदाही गप्प नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमधला डेटा काढून घेणं किंवा त्यात घातक प्रोग्राम घालणं यासाठी नुकसानभरपाईची तरतूद आहे. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा बेळगावच्या सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे बघणाऱ्या) पोलीस ठाण्यात तक्रार द्या. काकांची तक्रार मी त्यांच्यासोबत बसून १९३० वर नोंदवली. यूपीआयचा ट्रान्झॅक्शन नंबर आणि स्क्रीनशॉट जवळ होता, म्हणून ते लवकर झालं.

या पावसाळ्यात माझ्या सेंटरवर ज्यांनी ईमेल, बँक किंवा कोणत्याही सरकारी साइटवर लॉगिन केलं असेल, त्यांनी पासवर्ड आपल्या फोनवरून बदलावा आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक करून घ्यावं. ज्यांना जमणार नाही त्यांनी सेंटरवर यावं, त्याचे पैसे मी घेणार नाही. जांबोटी, कणकुंबीकडच्या ज्यांच्यापर्यंत हे पोचणार नाही, त्यांना त्यांच्या गावातल्या कोणीतरी एवढं सांगा.