सहनिवासातला खर्च: समान वाटा, ऐपतीप्रमाणे वाटा की बोली?

सहनिवासात प्रत्येकाचं घर, प्रत्येकाची चूल वेगळी. पण सामाईक घर, अंगण, पाहुण्यांची खोली, वॉशिंग मशीन सगळ्यांचं. राहायला जाणारे घराचा नकाशा दहा वेळा बघतात आणि वर्गणीचा नियम मात्र सही करायच्या दिवशी वाचतात. तुम्ही तो आधी वाचा.

समजा, घरं तीन आहेत. महिन्याचं उत्पन्न ३० हजार, ६० हजार आणि १ लाख १० हजार. चलन कुठलंही धरा. सामाईक खर्च महिन्याला १२ हजार.

समान वाटा म्हणजे प्रत्येकी ४ हजार. हिशेब अर्ध्या पानात संपतो, कुणाला कुणाची पगाराची स्लिप बघावी लागत नाही. शिवाय 'आम्ही कुणाच्या जिवावर राहत नाही' म्हणताना मान ताठ राहते. ही ताठ मान कमी उत्पन्नाच्या घराला फार मोलाची असते आणि बाहेरून सल्ला देणारे नेमकं तेच विसरतात. पण याच पद्धतीत पहिल्या घराच्या उत्पन्नातले १३ टक्क्यांहून जास्त जातात, तिसऱ्याचे ४ टक्केही नाहीत.

सरसकट टक्केवारी लावली तर दर ६ टक्के येतो: १,८००, ३,६०० आणि ६,६००. कागदावर चोख. पण पहिल्या घराचे १,८०० औषधपाण्यातून निघतात, तिसऱ्याचे ६,६०० शिलकीतून. म्हणून आधी जगण्यापुरती रक्कम वजा करून उरलेल्यावर टक्केवारी लावता येते. घरटी २० हजार वगळले तर वाटे साधारण ८६०, ३,४३० आणि ७,७१० होतात. हे मला जास्त पटतं, पण खरी डोकेदुखी इथूनच सुरू होते. रक्कम घरटी वगळायची की माणशी? मधल्या घरात दोन मुलं आणि अंथरुणाला खिळलेले आजोबा असतील तर त्यांचे ६० हजार नावालाच ६० हजार. आणि उत्पन्न म्हणायचं तरी कशाला? निवृत्त जोडप्याची पेन्शन तुटपुंजी, पण बँकेत ठेवी भरपूर, असंही असतं.

वाटणीपेक्षाही मला मतदानाची काळजी जास्त वाटते. समान वाटा असेल तर सामाईक घराची फरशी बदलायचा विषय निघाला की पहिलं घर विरोध करणार. 'परवडत नाही' असं चारचौघांत कोण म्हणेल? ते म्हणतात, 'आहे ती फरशी काय वाईट आहे?' चार बैठका झाल्या की त्यांच्यावर 'प्रत्येक गोष्टीत खोडा घालणारे' असा शिक्का बसतो. टक्केवारीत उलटं होतं. तिसरं घर निम्म्याहून जास्त भार उचलतं, मत मात्र एकच. काही वर्षांनी एक तर ते कंटाळतं, नाहीतर त्याच्या शब्दाला कुणी न ठरवता वजन येतं. मला या दुसऱ्या गोष्टीची भीती जास्त वाटते. कंटाळलेलं घर निदान बोलून तरी दाखवतं.

यातून वाट काढायला बोली बरी पडते. जर्मनीत काही घरं मिळून एका शेताचा वर्षाचा खर्च उचलतात आणि पीक वाटून घेतात; अशा सामुदायिक शेतीच्या गटांमध्ये ती चांगली रुळली आहे. खजिनदार वर्षाचा अंदाज मांडतो आणि घरटी सरासरी किती येते ते सांगतो. प्रत्येक घर आपल्याला झेपेल तो आकडा चिठ्ठीवर लिहून, घडी घालून डब्यात टाकतं. मोठ्याने वाचली जाते फक्त बेरीज. कमी पडली तर दुसरी फेरी, तरीही नाही जमलं तर खर्चाला कात्री. कुणाचं उत्पन्न उघड होत नाही आणि अंदाजपत्रक फुगलेलं असेल तर तेही त्याच संध्याकाळी कळतं. अर्थात हे विश्वासावर चालतं. नव्या गटात पहिल्याच वर्षी करायची हिंमत मी करणार नाही. तिथे 'कमी, मध्यम, जास्त' असे तीन गट ठेवून आपला गट आपणच सांगायचा, पुरावा मागायचा नाही, हे सोपं.

हे सगळं चालू खर्चापुरतं. जागेची आणि बांधकामाची गोष्ट वेगळी, कारण त्या पैशातून मालमत्ता उभी राहते. जास्त भरणाऱ्याचा हक्क वाढतो का, हे लेखी असलंच पाहिजे. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात २०१३ मध्ये पूर्ण झालेल्या लिलॅक या २० घरांच्या वसाहतीत रहिवासी निव्वळ उत्पन्नाच्या ३५ टक्के भरतात आणि त्या बदल्यात संस्थेतला त्यांचा हिस्सा वाढत जातो. घरं संस्थेच्या मालकीची. उत्पन्नाशी जोडलेली वर्गणी तिथे दान ठरत नाही, ती गुंतवणूकही असते. अगदी दुसऱ्या टोकाला अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं ट्विन ओक्स. १९६७ पासून तिथे उत्पन्नच सामाईक आहे. पण तो सहनिवास नव्हे, त्यासाठी वेगळी मनाची तयारी लागते.

वीज-पाणी मीटरप्रमाणे, जेवण ताटामागे. त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. 'पैसे नाहीत तर जास्त श्रम करा' ही सवलत मात्र जपून स्वीकारा. दोन नोकऱ्या करणाऱ्या घराकडे पैशांइतकाच वेळही नसतो.

उत्पन्नांत फारसा फरक नसेल तर समान वाटा घ्या आणि अडीनडीसाठी छोटा निधी ठेवा. फरक तिप्पट-चौपट असेल तर समान वाट्याच्या गटात कमी उत्पन्नाच्या घराने जाऊ नये, असं मी स्पष्टच म्हणेन. तुमचं घर जास्त उत्पन्नाचं असेल, तर टक्केवारीला कमाल मर्यादा आहे का ते विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि कुठल्याही गटात गेलात तरी खजिनदाराला एकटं गाठून विचारा: गेल्या वर्षी कुणी वर्गणी कमी करून मागितली होती का, आणि ते किती जणांना कळलं?