फॅन बेल्ट घरी बदलायचा की मिस्त्रीकडे न्यायचा?

पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून किंचाळल्यासारखा आवाज येतो, दोन मिनिटांत थांबतो आणि आपण 'बघू उद्या' म्हणतो. मी महिनाभर तेच म्हणत होतो. मग एका रविवारी पान्यांची पेटी काढून फॅन बेल्ट (इंजिनच्या जोरावर अल्टरनेटर, पंप वगैरे फिरवणारा रबरी पट्टा) बदलायला स्वतःच बसलो.

बेल्टने काहीच त्रास दिला नाही. अडला तो अल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा, खालचा बोल्ट. रत्नागिरीची खारी हवा, त्यात सात वर्षं त्याला कुणी हात लावलेला नाही. पाना दोनदा घसरला, बोल्टचं डोकं गोल झालं आणि माझी बोटंही सोलली. नशीब, जुना बेल्ट अजून काढला नव्हता, म्हणून गाडी चालवत मिस्त्रींकडे नेता आली. त्यांनी एक नंबर लहान सॉकेट हातोडीने ठोकून त्या गोल डोक्यावर बसवला आणि बोल्ट आधी किंचित आवळला. मी 'अहो, उलटा!' म्हणेपर्यंत त्यांनी तो दुसऱ्या बाजूला फिरवलाही. कर्र आवाज झाला आणि सुटला. "आधी आवळायचा, मग सोडायचा. गंज तुटतो, बोल्ट नाही तुटत."

म्हणून घरी की गॅरेज हे ठरवताना आपल्याला कितपत जमतं याआधी गाडीतला बेल्ट ताणलेला कसा आहे ते बघा. टॉर्च घेऊन वाकलं की दिसतं.

स्प्रिंगचा टेन्शनर (बेल्ट आपोआप ताणून ठेवणारा भाग) असेल तर काम घरचंच. लांब दांड्याच्या पान्याने टेन्शनरचा हात स्प्रिंगच्या विरुद्ध दाबायचा, एका गुळगुळीत पुलीवरून (बेल्ट ज्यावर फिरतो त्या चाकावरून) बेल्ट सरकवून काढायचा आणि नवा बसवताना तीच पुली शेवटी घ्यायची. स्प्रिंग चांगलीच कडक असते, आखूड पान्याने हटत नाही. बोटं मध्ये ठेवू नका. बेल्टचा मार्ग आधी मोबाइलवर टिपून ठेवा, नंतर आठवत नाही. मिस्त्री हेच काम पंधरा मिनिटांत करेल, पण करण्यासारखं वेगळं त्याच्याकडेही फारसं काही नाही.

बोल्टने ताण द्यायचा असेल (जुन्या गाड्यांत बहुधा हेच), तर निम्मं घरचं, निम्मं नशिबाचं. आदल्या रात्री बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि सहा कोनी सॉकेटच वापरा. बारा कोनी सॉकेट गंजलेलं डोकं लवकर गोल करतो. सगळे बोल्ट सैल होतात याची खात्री झाल्याशिवाय जुना बेल्ट कापू नका. बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंप याच बेल्टवर चालतो, त्यामुळे बेल्टाशिवाय गाडी गॅरेजपर्यंतही नेता येत नाही, टोचन करून न्यावी लागते. एकही बोल्ट हलेना, तर थांबा आणि सरळ गॅरेज गाठा.

ताण किती द्यायचा, इथे मात्र घरचा माणूस आणि घाईतला मिस्त्री दोघेही चुकतात. दोन पुलींमधल्या सगळ्यात लांब भागावर अंगठ्याने जोरात दाबलं की बेल्ट साधारण १० मिलिमीटर खाली जावा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, तो प्रमाण. सैल राहिला तर ओरडतो. जास्त आवळला तर गप्प बसतो, पण अल्टरनेटरचं किंवा पंपाचं बेअरिंग खातो, आणि ते कळतं काही महिन्यांनी. नवा बेल्ट थोडा चालल्यावर सैलावतो, तेव्हा पुन्हा तपासावा लागतो. घरी केलंत तर हे दुसरं बघणं होतं. गॅरेजमध्ये त्यासाठी पुन्हा कोण जातो?

टेन्शनर नाही आणि ताण देणारा बोल्टही नाही, म्हणजे बेल्ट बहुधा ताणून बसवायच्या जातीचा आहे. इथे मी मिस्त्रीच्या बाजूने. हा बेल्ट कापूनच काढतात. नवा चढवायला पुलीवर बसणारं खास हत्यार लागतं आणि क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) हाताने फिरवावा लागतो. स्क्रू ड्रायव्हर घालून चढवणारे भेटतात. बेल्ट चढतो, पण आतले दोरे दुखावतात आणि तो लवकरच तुटतो.

टायमिंग बेल्ट ही वेगळीच वस्तू, इंजिनातल्या व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारी, झाकणाआड असते. त्याचा एक दात चुकला तर काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. तो घरी नको.

पैशांचं म्हणाल तर बेल्ट दोन्हीकडे घ्यावाच लागतो, वाचते ती मजुरी. पण गॅरेजच्या मजुरीत एक गोष्ट मिळू शकते, मागितली तर. बेल्ट काढलेला असताना प्रत्येक पुली हाताने फिरवून घ्या. खरखर लागली, तर ओरडत होतं ते बेअरिंग, आणि नुसता बेल्ट बदलून आवाज जाणार नाही. घरी करणाऱ्यानेही हे करावं, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. बेल्टवर तेल सांडलेलं दिसलं, तर आधी गळती शोधा. आवाज बंद करायला साबण किंवा पावडर लावू नका.

दुकानात जाताना जुन्या बेल्टच्या पाठीवरचा नंबर न्या. ६पीके११०० म्हणजे ६ धारा (बेल्टच्या लांबीभर जाणारे उंचवटे) आणि ११०० मिलिमीटर लांबी. माझ्या बेल्टवरचा नंबर पुसला गेला होता, म्हणून काउंटरवर जुना आणि नवा शेजारी टांगून बघितले, तर दुकानदाराने आधी दिलेला दोन बोटं लांब निघाला.