किडनीच्या रुग्णासाठी मटण, कोंबडी, मासे की अंडी?

किडनीचा आजार आहे, पण डायलिसिस सुरू नाही, अशा रुग्णाला साधारणपणे दर किलो वजनामागे दिवसाला ०.८ ग्रॅमच्या आसपास प्रथिने पुरतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम. ज्वारीच्या तीन भाकऱ्या आणि वाटीभर वरण यांतच त्यातली निम्मी भरतात, त्यामुळे मांसासाठी उरणारी जागा हाडे वगळून ७०-८० ग्रॅमच्या पुढे फारशी जात नाही.

उस्मानाबादी बोकडाचे मटण असो वा कोंबडी, शंभर ग्रॅम कच्च्या मांसात प्रथिने वीसेक ग्रॅमच असतात. कमजोर किडनीला पोटॅशियम आणि फॉस्फरस नीट बाहेर टाकता येत नाहीत. मटणात पोटॅशियम थोडे जास्त, म्हणून नेहमीसाठी कोंबडी बरी. कलेजी मात्र टाळावी, कारण तिच्यात फॉस्फरस बराच जास्त असतो.

खरी अडचण मांसापेक्षा रश्श्यात आहे. आपल्याकडे आजारी माणसाला ताकद यावी म्हणून अळणी देतात. परंतु मांस उकळताना त्यातले पोटॅशियम आणि फॉस्फरस पाण्यात उतरते, म्हणजे ज्याच्यापासून रुग्णाला जपायचे तेच वाटीत भरून त्याच्या हाती दिले जाते. त्याऐवजी मांस उकडून पाणी टाकून द्यावे आणि फोडी थोड्या तेलात, कमी मिठात परताव्यात. सुके खोबरे आणि शेंगदाण्याचे कूट घातलेली तर्री घरच्यांनी खुशाल खावी. मीठ कमी म्हणून ‘लो सोडियम’ मीठ आणू नये. त्यात पोटॅशियम असते.

जायकवाडीचा ताजा रोहू किंवा कटला कोंबडीसारखाच चालतो. सुकट-बोंबील मिठामुळे बाद. बाजारातले गोठवलेले नगेट्स आणि सॉसेज त्याहून वाईट म्हणावेत, कारण त्यांत मिसळलेला फॉस्फेट शरीर जवळजवळ पूर्ण शोषून घेते, तर मांसातला नैसर्गिक फॉस्फरस निम्म्याच्या आसपासच शोषला जातो.

फॉस्फरस वाढलेला असेल, तर माझी पसंती अंड्याच्या पांढऱ्या भागाला: एका अंड्यात साडेतीन ग्रॅम प्रथिने आणि फॉस्फरस जेमतेम ५ मिलिग्रॅम, उलट पिवळ्यासह ते ९० च्या पुढे जाते. चवीला फिके लागते, हे खरे.

डायलिसिस सुरू झाल्यावर हिशेब उलटतो. प्रथिने गाळली जातात, म्हणून दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतात आणि तेव्हा मांसाहार तोडणे घातक ठरू शकते. आपला रुग्ण कोणत्या बाजूला आहे, हे डॉक्टरांना विचारूनच माप ठरवावे, आणि क्रिएटिनिन (किडनीचे काम कळण्यासाठी रक्तात मोजतात तो घटक) तपासायचे असेल तर आदल्या रात्री मटण खाऊ नये, कारण शिजवलेल्या मांसाने तो आकडा तात्पुरता वाढतो.