संवाद पुरस्कारांची ऑनलाइन प्रवेशिका: दोन वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

चाकणजवळच्या एका कारखान्याची मराठी गृहपत्रिका मी संपादित करतो आणि कारखान्यातील अंतर्गत संवादाच्या मोहिमाही आमचा तीन जणांचा विभागच पाहतो. उद्योगसंस्थांच्या संवादकार्याला पुरस्कार देणाऱ्या एका राष्ट्रीय स्पर्धेत आम्ही सलग दोन वर्षे प्रवेशिका पाठवल्या आणि दोन्ही वेळा नोंदणीपासून निकालापर्यंतचा सगळा व्यवहार संकेतस्थळावरून झाला. काही गंभीर तक्रारी पुढे नोंदवणार असल्यामुळे स्पर्धेचे नाव येथे घेत नाही. हा अभिप्राय निकालाविषयी नाही, तर प्रवेशिका तयार करून सादर करण्याची जी सेवा शुल्क घेऊन दिली जाते तिच्याविषयी आहे. माझे मत आधीच सांगतो: अर्जातील प्रश्न उत्तम आहेत, परीक्षकांचा लेखी अभिप्राय शुल्काच्या मोलाचा आहे, परंतु मराठी मजकुराबाबत या व्यवस्थेने दाखवलेली बेपर्वाई इंग्रजीच्या बाबतीत एक दिवसही खपली नसती.

पूर्वी आमच्या विभागातून अशा स्पर्धांना पार्सल जात असे. अंकांच्या पाच प्रती, स्पायरल बाइंडिंग केलेला अहवाल, कात्रणांची फाइल आणि वर कुरिअरची पावती. जाड फाइल पाहून परीक्षकाचे मत चांगले होईल अशी आमची भाबडी समजूत होती आणि त्यामुळे फाइल जाड करण्यातच आठवडा जाई. ऑनलाइन अर्जाने ही सवय मोडली, हा त्याचा पहिला आणि मोठा गुण. अर्ज दोन भागांत आहे: पहिल्या भागात कामाचा आराखडा आणि दुसऱ्यात प्रत्यक्ष कामाचे नमुने. जगभरच्या व्यावसायिक संवादकांची आयएबीसी ही संघटना आपल्या गोल्ड क्विल पुरस्कारांसाठी हीच विभागणी वापरते. तेथे आराखड्यात गरज, ज्यांच्याशी बोलायचे त्यांचा अभ्यास, उद्दिष्टे, उपाय, अंमलबजावणी आणि मोजमाप अशा क्रमाने उत्तरे द्यावी लागतात आणि गुण १ ते ७ या पट्टीवर दिले जातात. अमेरिकेतील जनसंपर्क व्यावसायिकांच्या पीआरएसए या संस्थेच्या सिल्व्हर अॅन्व्हिल पुरस्कारांत तर मोहिमेची सगळी कथा दोन पानांच्या सारांशात बसवावी लागते. आमच्या स्पर्धेचा अर्ज याच वळणाचा आहे. प्रत्येक प्रश्नाला स्वतंत्र चौकट, प्रत्येक चौकटीला शब्दमर्यादा किंवा चिन्हमर्यादा, आणि उद्दिष्टांची चौकट भरल्याशिवाय निष्पत्तीची चौकट उघडतच नाही.

ही शेवटची अट मला सर्वात मोलाची वाटते. आमची पहिल्या वर्षीची प्रवेशिका थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या, म्हणजे कारखान्यात ज्याला सगळे ‘निअर मिस’ म्हणतात त्याच्या, नोंदींविषयी होती. कामगाराने ‘काही झाले तर नाही ना’ म्हणून विषय सोडून न देता तो कळवावा, यासाठी ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनापासून आम्ही गृहपत्रिका, सूचनाफलक आणि पाळी सुरू होतानाची पाच मिनिटांची बैठक या तिन्ही ठिकाणी काम केले होते. काम मनापासून केलेले होते. तरीही उद्दिष्टाच्या चौकटीत मी लिहिले ते ‘कामगारांमध्ये सुरक्षिततेविषयी जागृती निर्माण करणे’ एवढेच. पुढची चौकट विचारत होती की मोहिमेपूर्वी स्थिती काय होती, किती काळात किती बदल अपेक्षित होता आणि तो कशाने मोजणार होता. माझ्यापाशी उत्तर नव्हते, कारण मोहीम सुरू करताना हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारलेलाच नव्हता.

येथे एक मोह होतो. या क्षेत्रातील प्रत्येकाने त्याविषयी उघडपणे बोलायला हवे असे मला वाटते. निष्पत्ती हाताशी असते, तिच्यावरून मागे जाऊन उद्दिष्ट बेतता येते, आणि अर्ज वाचणाऱ्याला ते कळणेही कठीण असते. आम्ही तसे केले नाही. सुरक्षा समितीच्या बैठकीच्या जुन्या इतिवृत्तात तीन शॉपमधील, म्हणजे उत्पादन विभागांतील, नोंदी वाढवण्याविषयीचा एक ठराव सापडला. त्याची तारीख मोहिमेच्या आधीची होती, म्हणून तेवढेच उद्दिष्ट अर्जात लिहिले, इतिवृत्ताची प्रत जोडली आणि उरलेल्या विभागांविषयी पूर्वनियोजित मोजमाप नव्हते असे स्पष्ट नमूद केले. गुण कमी मिळाले, तरी त्या नोंदीविषयी परीक्षकांनी जे लिहिले ते पुढे येईलच.

मोजमापाच्या चौकटीखाली आयोजकांनी एक ओळ छापली आहे: वृत्तपत्रातील प्रसिद्धीची जाहिरातदराने काढलेली किंमत पुरावा म्हणून ग्राह्य धरली जाणार नाही. ही ओळ आधारावाचून आलेली नाही. संवादकार्याच्या मोजमापावर काम करणाऱ्या अॅमेक या संघटनेच्या २०१० मधील बार्सिलोना परिषदेत जी तत्त्वे स्वीकारली गेली, त्यांत अशी जाहिरात-समतुल्य किंमत म्हणजे संवादकार्याचे मूल्य नव्हे, असे स्पष्ट म्हटले होते. बातमी इतके स्तंभ-सेंटिमीटर आली, तेवढ्या जागेचा जाहिरातदर इतका, म्हणून आम्ही इतके लाख वाचवले, हा हिशेब आपल्याकडे वार्षिक अहवालांत अजूनही अभिमानाने मांडला जातो. बातमी वाचून कोणाचे मत, माहिती किंवा वागणूक बदलली का, हे त्या आकड्यातून कधीच कळत नाही. अर्जाने ती वाट बंद केली, हे योग्यच झाले.

आता तक्रारीकडे येतो. स्पर्धेत भारतीय भाषांसाठी स्वतंत्र गट आहे आणि त्या गटातील अर्ज प्रवेशिकेच्याच भाषेत भरण्याची मुभा आहे. ही मुभा वाचून मला मनापासून आनंद झाला होता. पहिल्या वर्षी आम्ही आराखडा मराठीत लिहिला, प्रत्येक चौकटीतील मजकूर १५०० चिन्हांच्या मर्यादेत बसवला, खालचा आकडा हिरवा असल्याची खात्री केली आणि अर्ज साठवला. संध्याकाळी पडताळणीसाठी पीडीएफ उतरवून घेतली, तेव्हा प्रत्येक लांब उत्तर मध्येच, एके ठिकाणी तर शब्दाच्या मध्यावर, तुटलेले होते. आमच्या मजकुराचा तृतीयांशाहून थोडाच अधिक भाग उरला होता.

त्या प्रमाणातच कारण दडलेले होते. संगणकात मराठी मजकूर ठेवण्याच्या यूटीएफ-८ या रूढ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट (बाइट म्हणजे साठवणुकीच्या जागेचे एकक) जागा घेते आणि इंग्रजीचे साधे अक्षर एक बाइट घेते. शिवाय आपल्या डोळ्यांना दिसणारे अक्षर आणि संगणकाचे चिन्ह हे वेगवेगळे असते, कारण हलन्त, काना, वेलांटी आणि अनुस्वार ही सगळी स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात. ‘कर्मचाऱ्यांच्या’ हा शब्द वाचणाऱ्याला पाच अक्षरांचा आहे, संगणकाला १५ चिन्हांचा आणि साठवणुकीला ४५ बाइटांचा. पडद्यावरचा आकडा चिन्हे मोजत असावा आणि मजकूर साठवणारी यंत्रणा बाइट मोजून कापत असावी, असा निष्कर्ष आम्ही काढला, आणि तीच चौकट इंग्रजीत भरून पाहिली तेव्हा मजकूर अखंड राहिल्याने तो पक्का झाला. इंग्रजीत चिन्ह आणि बाइट यांची संख्या सारखीच भरत असल्यामुळे चाचणी घेणाऱ्या कोणालाही हा दोष दिसला नसणार. भारतीय भाषांचा गट जाहीर करताना मराठीतली, हिंदीतली, कन्नडमधली एक-एक पूर्ण प्रवेशिका कोणीतरी भरून पाहायला हवी होती. एवढे एक काम झाले असते, तर पुढची धावपळ टळली असती.

मदतकक्षाने उत्तर दुसऱ्या दिवशी दिले आणि ते सौजन्यपूर्ण होते, मात्र उपाय म्हणून ‘मजकूर इंग्रजीत भरावा’ असे सुचवले. ते मला मान्य नव्हते. तीन फोननंतर मराठी आराखडा स्वतंत्र पीडीएफ म्हणून जोडण्याची परवानगी मिळाली. दुसऱ्या वर्षी चौकटींची मर्यादा दुरुस्त केलेली आढळली, हे नोंदवणे न्याय्य ठरेल. परंतु पडताळणीच्या पीडीएफमध्ये पहिली वेलांटी अजूनही काही ठिकाणी अक्षराच्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरे सुटी होतात. परीक्षक हीच प्रत वाचतात की पडद्यावरचा मजकूर, याचा खुलासा मार्गदर्शिकेत नाही.

दोषाचा एक वाटा मात्र आमच्याकडचाही आहे आणि तो मराठी गृहपत्रिका काढणाऱ्या अनेकांचा असेल. आमचे जुने अंक श्रीलिपी या संगणकप्रणालीच्या युनिकोडपूर्व, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची आजची प्रमाण संकेतपद्धती न पाळणाऱ्या, फॉन्टमध्ये मांडलेले आहेत. अशा फॉन्टमध्ये देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात. त्यामुळे अंकाची पीडीएफ डोळ्यांना निर्दोष दिसते, पण त्यातला उतारा उचलून अर्जात टाकला की निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग उमटते. उद्धृत करायचे सगळे उतारे आम्हाला पुन्हा टंकित करावे लागले आणि त्यानंतर प्रत्येकाचे मुद्रितशोधनही. स्पर्धेत उतरण्याचा विचार असेल, तर डीटीपी करणाऱ्याला आतापासूनच युनिकोड फॉन्टमध्ये काम करायला सांगावे. अर्जाच्या आठवड्यात ते जमत नाही.

नमुन्यांच्या भागात प्रत्येक फाइलला १० एमबीची मर्यादा आहे आणि ती पुरेशी आहे. छपाईसाठी केलेली पीडीएफ मात्र तशीच चढवू नये. तिच्यावर कट मार्क असतात, छायाचित्रे ३०० डीपीआयची असतात, आणि छपाईच्या सीएमवायके रंगांमुळे पडद्यावर रंग मळकट दिसू शकतात. पडद्यासाठी वेगळी, आरजीबी रंगांची, हलकी प्रत काढून घ्यावी. गृहपत्रिकेच्या बाबतीत समोरासमोरची पाने जोडीनेच दाखवावीत, नाहीतर मधल्या दोन पानांवर पसरलेले छायाचित्र परीक्षकापुढे दोन तुकड्यांत जाते. चित्रफितीचा दुवा ‘खासगी’ ठेवला तर परीक्षकाला ती उघडतच नाही. ‘असूचीबद्ध’ हा पर्याय निवडून तो दुवा कंपनीबाहेरच्या संगणकावर, कोणत्याही खात्यात प्रवेश न करता, उघडून पाहावा. नमुन्यांत ज्यांचे चेहरे दिसतात त्या कामगारांची लेखी संमती आम्ही मराठीत घेतली. अर्जात ती मागितलेली नव्हती, आणि ती मागायला हवी.

शुल्क भरण्याची व्यवस्था साधारण आहे. संकेतस्थळ कार्ड किंवा यूपीआय स्वीकारते, आमचा लेखाविभाग मात्र प्रोफॉर्मा इन्व्हॉइसशिवाय, म्हणजे आगाऊ दिलेल्या कच्च्या बिलाशिवाय, पैसे सोडत नाही, आणि तो मागवावा लागतो. शुल्कावर १८ टक्के जीएसटी असतो. नोंदणीच्या वेळीच कंपनीचा जीएसटी क्रमांक टाकावा, कारण पावती व्यक्तीच्या नावाने निघाली की ती बदलून घ्यायला वेळ लागतो.

मुदतवाढीविषयी मात्र माझे मत कठोर आहे. दोन्ही वर्षी शेवटच्या दिवशी संध्याकाळी आठवडाभराची मुदतवाढ जाहीर झाली. ज्यांनी रात्री जागून वेळेत अर्ज दिला, त्यांना तो पुन्हा उघडून सुधारण्याची सोय नव्हती, आणि ज्यांनी वाट पाहिली त्यांना सात दिवस अधिक मिळाले. मुदतवाढ द्यायचीच असेल, तर सादर झालेले अर्जही त्या काळात दुरुस्तीसाठी खुले असावेत.

निकालानंतर दोन महिन्यांनी गुणपत्रक आले. प्रत्येक चौकटीचे स्वतंत्र गुण आणि दोन परीक्षकांच्या चार-सहा ओळी, एवढेच त्यात असते. त्या ओळींनी आमच्या विभागाची कामाची पद्धत बदलली. पहिल्या वर्षी एका परीक्षकांनी लिहिले होते की मोजमाप अपुरे असल्याची कबुली हा या प्रवेशिकेतील सर्वात विश्वासार्ह भाग आहे, आणि रात्रपाळीच्या कामगारांपर्यंत संदेश कसा पोहोचला याचा उल्लेखच नाही. ते खरे होते. आमची पाच मिनिटांची बैठक पहिल्या दोन पाळ्यांनाच होत असे आणि हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नव्हते. दुसऱ्या वर्षीच्या मोहिमेत रात्रपाळीचे पर्यवेक्षक सुरुवातीच्या बैठकीपासून बसले, उद्दिष्टाचा कागद मोहिमेच्या आधी सही होऊन फाइलला लागला, आणि अर्ज भरायला दोन आठवड्यांऐवजी चार दिवस पुरले.

ज्या विभागाकडे एकच गृहपत्रिका आहे आणि शुल्काची रक्कम जड वाटते, त्यांनी अनेक गटांत प्रवेशिका न टाकता एकाच गटात, पण लेखी अभिप्राय मिळणाऱ्या स्पर्धेत, नीट तयारीने उतरावे. नोंदणीपूर्वी आयोजकांना दोन प्रश्न ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवावे: गुणपत्रक मिळणार का, आणि मराठीत भरलेला अर्ज मराठी वाचणारे परीक्षकच तपासणार का. दुसऱ्या प्रश्नाचे ‘हो’ असे लेखी उत्तर आम्हाला यंदा मिळाले आहे, आणि तिसऱ्या प्रवेशिकेचा उद्दिष्टांचा कागद जानेवारीतच तयार झाला आहे.