मिठाईच्या वासाची सुगंधी तेले : मेणबत्तीला उत्तम, साबणाला जपून

वाशीतील एका दुकानातून मी घरगुती मेणबत्त्या आणि साबणांसाठी व्हॅनिला, कॅरमेल, चॉकलेट आणि रसमलाई या वासांची तेले घेतली. सोया मेणात सर्वांत खुलले ते कॅरमेल. मेणाच्या वजनाच्या ८ टक्के तेल, मेण सुमारे ७० अंश सेल्सिअसवर असताना घालून सावकाश ढवळले आणि ओतलेली मेणबत्ती दोन आठवडे झाकून ठेवली, तर ती पेटवल्यावर साखर करपण्याच्या जरा आधी कढईतून उठतो तसा दरवळ खोलीभर पसरतो. रसमलाईने मात्र निराशा केली. बाटलीत केशर-वेलची जाणवते, पण पेटल्यावर उरतो तो नुसता गोडसर वास.

साबणात गणित बदलते. व्हॅनिलाच्या तेलातील व्हॅनिलिन या वास देणाऱ्या घटकामुळे कॉस्टिक सोडा वापरून केलेला पांढरा साबण वाळता वाळता पिवळसर आणि मग गडद तपकिरी होतो. अर्धा साबण वासाविना ठेवून दुरंगी करण्याची युक्तीही फार काळ टिकत नाही, कारण व्हॅनिलिन हळूहळू शेजारच्या पांढऱ्या थरात उतरते आणि दोन रंगांमधली रेघ पुसट होते. हा तेलाचा स्वभावच आहे, त्याबद्दल दुकानाला दोष देता येणार नाही. पण बाटलीवर व्हॅनिलिनचे प्रमाण छापलेले नसणे ही दुकानाचीच उणीव म्हणावी लागेल. चॉकलेटच्या साबणाला तपकिरी रंग शोभतोच, त्यामुळे तिथे तक्रार नाही. कॅरमेल घालताच मात्र मिश्रण इतक्या झपाट्याने आळले, की ते साच्यात ओतण्याऐवजी चमच्याने दाबून भरावे लागले.

खरी नाराजी कागदपत्रांबद्दल आहे. इफ्रा या सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या वर्गवारीत अंगाचा साबण नवव्या आणि मेणबत्ती बाराव्या वर्गात मोडते, आणि कातडीला लागणाऱ्या वस्तूसाठी तेलाची मर्यादा वेगळी असते. ही मर्यादा सांगणारे प्रमाणपत्र दुकानाकडे मागितल्यावर ‘दोन्हीला चालतं हो’ एवढेच उत्तर मिळाले, जे अंगाला लावायच्या वस्तूसाठी पुरेसे नाही. ते हाती येईपर्यंत ही तेले मेणबत्तीपुरतीच घ्यावीत, त्यातही कॅरमेल आधी. आणखी एक, घरात लहान मूल असेल तर या वासाच्या वड्यांना पेढा-बर्फीचा आकार मुळीच देऊ नये.