पन्नाशीनंतरचे गृहकर्ज: मुदत आखूड, हप्ता जड

निवृत्तीला जेमतेम दहा वर्षे उरली असताना घेतलेल्या गृहकर्जाचे परीक्षण करायचे, तर व्याजदराआधी मुदतीबद्दल लिहावे लागते, कारण या वयात कर्जाचे सारे स्वरूप मुदतीवरच ठरते. शेवटचा हप्ता निवृत्तीच्या आत बसवण्याकडे संस्थेचा कल होता आणि मला दहा वर्षांपलीकडे जाता आले नाही. ही अडवणूक वाटते खरी. पण हिशेब मांडला की चित्र पालटते. वार्षिक ९ टक्के दराने दर हजारी मुद्दलामागे वीस वर्षांसाठी मासिक हप्ता सुमारे ९ येतो, तर दहा वर्षांसाठी १२.६७, म्हणजे हप्ता ४० टक्क्यांनी जड होतो. एकूण व्याज मात्र सुमारे ११५९ वरून ५२० वर उतरते. वीस वर्षांच्या कर्जात पहिल्या हप्त्याचा केवळ सहावा भाग मुद्दलात जमा होतो, दहा वर्षांच्या कर्जात दोन पंचमांशांहून थोडा अधिक. हप्ता झेपत असेल, तर आखूड मुदत हा या कर्जाचा सर्वांत मोठा गुण आहे, असे माझे मत आहे.

संस्थेच्या अधिकाऱ्यांचे मत निराळे होते. मुलाला सहकर्जदार करून घ्यावे, म्हणजे त्याच्या वयाच्या आधारे मुदत वाढेल, असे त्यांनी वारंवार सुचवले. सहकर्जदार हा केवळ सही करणारा साक्षीदार नसतो. थकबाकी झाल्यास संपूर्ण कर्जाची जबाबदारी त्याच्यावर येते आणि उद्या तो स्वतःसाठी कर्ज मागेल तेव्हा हा हप्ता त्याच्या पात्रतेतून वजा धरला जाऊ शकतो. या गोष्टी विचारल्याशिवाय सांगितल्या गेल्या नाहीत. कर्जसंरक्षण विम्याचेही, म्हणजे कर्जदाराचा मृत्यू झाल्यास उरलेले कर्ज फेडणाऱ्या विम्याचेही, तसेच. त्याचा एकरकमी हप्ता मुद्दलातच मिळवण्याचा प्रस्ताव होता, त्यामुळे विम्याच्या रकमेवरही व्याज भरावे लागले असते, आणि वय वाढलेले असल्याने ती रक्कम लहान नव्हती. ज्यांच्याकडे पुरेसा आयुर्विमा आधीपासून आहे, त्यांनी आधी तो तपासावा.

सर्वांत जास्त काळजी घ्यावी ती बदलत्या व्याजदराची. दर वाढला की हप्ता तोच ठेवून मुदत वाढवणे ही सर्वसाधारण पद्धत आहे आणि तरुण कर्जदाराला ती फारशी जाणवत नाही. वरच्याच उदाहरणात दर सुरुवातीलाच ९ वरून ११ टक्के झाला आणि हप्ता १२.६७ च राहिला, तर कर्ज सुमारे पावणेदोन वर्षे लांबते, म्हणजे पगार थांबल्यावरही हप्ते चालू राहतात. वयाच्या अटीमुळे मुदत वाढवता आली नाही, तर हप्ता सुमारे १३.७८ होतो. म्हणून कर्जाची रक्कम ठरवताना आजच्या दराने झेपणारा हप्ता न धरता दोन टक्के चढ्या दराचा हप्ता धरावा. त्याने घर थोडे लहान मिळेल, पण ते परवडेल.

मुदतपूर्व परतफेडीची सोय चांगली आहे आणि माझ्या करारात तिच्यावर शुल्क नाही. अंशतः परतफेड केल्यावर मुदत घटवायची की हप्ता, हे कर्जदाराने ठरवायचे असते. नोकरी असेपर्यंत मुदत घटवावी, कारण त्यात व्याज अधिक वाचते. निवृत्तीच्या वेळी काही शिल्लक राहिलीच तर हप्ता घटवणे सोयीचे. निवृत्तीची सगळी पुंजी कर्जात ओतण्याचा सल्ला मला पटत नाही, कारण भिंतींत गेलेला पैसा आजारपणात चटकन हाती येत नाही.

सेवेबद्दल सांगायचे तर मंजुरी वेळेत मिळाली आणि कागदपत्रांसाठी फार हेलपाटे घालावे लागले नाहीत. अंशतः परतफेडीनंतरचे सुधारित वेळापत्रक मात्र मागितल्यावर तोंडीच सांगण्यात आले, आणि ते लेखी मिळवण्यासाठी शाखा व्यवस्थापकांना पत्र द्यावे लागले.